कॉलेजच्या ब्लॅक खेळाडूंना मेंटॉर म्हणून नेमकं काय करायचं? माझ्या १७ वर्षांच्या कामातून

ज्यांनी प्रश्न वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पुण्याची एक मुलगी अमेरिकेत एका स्टेट युनिव्हर्सिटीत मास्टर्स करतेय, फी माफ होते म्हणून ॲथलेटिक डिपार्टमेंटमध्ये ग्रॅज्युएट असिस्टंट लागलीय, आणि पहिल्याच आठवड्यात तिच्या हातात फुटबॉल टीमच्या सहा फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाच्या, पोरांची यादी ठेवली, ह्यांची तू मेंटॉर. सहाही पोरं ब्लॅक. ती विचारते, "ताई, मला अमेरिकन फुटबॉलचे नियमपण धड कळत नाहीत, ह्या पोरांचं आयुष्य मी जगलेले नाही, ह्यांना ब्लॅक रोल मॉडेलच हवेत ना, मी कसली मेंटॉर? आणि रोज नेमकं करायचं काय असतं?"

मी कोल्हापूरची, इथे दोन युनिव्हर्सिट्या मिळून १७ वर्षं हेच काम करतेय, खेळाडूंची ॲकॅडमिक काउन्सेलर म्हणून. आधी बरीच वर्षं फुटबॉल, आता मुलींचं बास्केटबॉल आणि ट्रॅक. वयाने मोठी आहे म्हणून तुला तू म्हणते. उत्तर लांबणार आहे, हवं तर दोन बैठकीत वाच.

आधी रोल मॉडेलचं. हो, ह्या पोरांना आपल्यासारखी दिसणारी, आपल्याच वाटेने गेलेली मोठी माणसं जवळून बघायला मिळालीच पाहिजेत, त्याला पर्याय नाही, आणि ती जागा तू किंवा मी भरू शकत नाही. पण ह्या पोरांच्या आजूबाजूला पहाटे साडेपाचपासून रात्रीपर्यंत जी माणसं असतात ना, पोझिशन कोच, स्ट्रेंथ कोच, रिक्रूटिंगवाले, आता तर एजंटपण, त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाचं काही ना काही ह्या पोराच्या शनिवारच्या खेळावर अडलेलं असतं. माणसं वाईट नसतात, कित्येक जण पोटच्या पोरासारखा जीव लावतात, पण पोराला आतून कळतंच की मी चांगला खेळतोय तोपर्यंत हे सगळे माझे. म्हणून त्याला असं एक तरी मोठं माणूस लागतं जे त्याने उद्यापासून बॉलला हात लावला नाही तरी बुधवारी चार वाजता त्याच खुर्चीत त्याची वाट बघत बसलेलं असेल. ते माणूस व्हायला तुला फुटबॉल कळायची काहीच गरज नाही. उलट माझा अनुभव असा की नियम येत नाहीत हे बरंच असतं, पोरगं तुला शिकवतं, आणि शिकवताना ते पहिल्यांदा मोकळं बोलतं.

जॉर्जटाऊन युनिव्हर्सिटीचे बास्केटबॉल कोच जॉन थॉम्पसन तुला माहीत नसतील. १९७२ ला तिथे आले, १९८४ ला एनसीएएची, म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संघटनेची, सर्वात वरच्या स्तराची (डिव्हिजन वन) पुरुषांची बास्केटबॉल चॅम्पियनशिप जिंकणारे पहिले ब्लॅक हेड कोच झाले. त्यांच्या ऑफिसात टेबलावर हवा गेलेला एक बास्केटबॉल ठेवलेला असायचा, येणाऱ्याजाणाऱ्या पोरांनी बघावा म्हणून, की बाबा ह्यातली हवा गेली की तुझ्याकडे काय उरणार आहे. जानेवारी १९८९ मध्ये एका मॅचला सुरुवात व्हायच्या आधी ते सरळ कोर्टवरून निघून गेले, कारण एनसीएएने प्रपोझिशन ४२ नावाचा नियम नुकताच पास केला होता, म्हणजे टेस्टचे आणि शाळेचे मार्क ठराविक आकड्याला पोचले नाहीत तर पहिल्या वर्षी स्कॉलरशिपच नाही, आणि त्याचा फटका कुठल्या शाळांतल्या कुठल्या पोरांना बसणार हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. पुढच्या वर्षी तो नियम सौम्य करावा लागला. हे झाले रोल मॉडेल, आणि खरेखुरे.

पण तू ह्यातली दुसरी गोष्ट लक्षात ठेव. त्या टीमच्या बेंचवर कोचच्या जवळ मेरी फेनलन नावाची एक गोरी बाई बसलेली असायची. आधी नन होती, मग शाळेत शिक्षिका, थॉम्पसन शाळेत कोच होते तिथली ओळख, तिला ते जॉर्जटाऊनला घेऊन आले आणि पोरांच्या अभ्यासाची सगळी जबाबदारी तिच्याकडे दिली. मॅचच्या वेळी बेंचवर, टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर. पोरांनी काय समजायचं ते समजलं, की अभ्यास बघणारी बाई इथे कोचच्या मांडीला मांडी लावून बसते. चार वर्षं टिकलेली जवळपास सगळी पोरं डिग्री घेऊन बाहेर पडली ती ह्या दोघांमुळे. तू स्वतःला विचारतेस ना मी कसली मेंटॉर, तर तू फेनलनच्या खुर्चीत आहेस, थॉम्पसनच्या नाही, आणि त्या खुर्चीला भरपूर काम असतं.

आता हे सगळं एवढं का लागतं ते आकड्यात बघ. शॉन हार्पर म्हणून प्राध्यापक आहेत, त्यांचा २०१८ चा रिपोर्ट आहे, त्या वेळच्या पाच मोठ्या कॉन्फरन्समधल्या (एकमेकींशी खेळणाऱ्या युनिव्हर्सिट्यांचे गट) ६५ युनिव्हर्सिट्यांचा. तिथे अंडरग्रॅज्युएट विद्यार्थ्यांत ब्लॅक पुरुष २.४ टक्के, आणि फुटबॉल टीममध्ये ५५ टक्के, पुरुषांच्या बास्केटबॉलमध्ये ५६ टक्के. सहा वर्षांत डिग्री पूर्ण करणारे, सगळे अंडरग्रॅज्युएट धरले तर ७६.३ टक्के, सगळे खेळाडू धरले तर ६९.३, खेळाडू असोत नसोत सगळे ब्लॅक पुरुष ६०.१, आणि ब्लॅक पुरुष खेळाडू ५५.२. म्हणजे ट्यूटर, स्टडी हॉल, काउन्सेलर, लॅपटॉप, सगळं फुकट मिळूनसुद्धा हा पोरगा त्याच कॅम्पसवरच्या न खेळणाऱ्या ब्लॅक पोराच्या मागे. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा दोन दिवस डोक्यातून गेला नव्हता, कारण ते फुकटचं सगळं द्यायचं काम माझंच होतं.

आणि त्या २.४ टक्क्यांचा रोजच्या दिवसात काय अर्थ होतो? दोनशे जणांचा लेक्चर हॉल, त्यात तुझा पोरगा आणि त्याच्यासारखे अजून चार, तेही बहुतेक त्याच्याच टीममधले. तो आत आला की शेजारची मुलगी विचारते कुठल्या पोझिशनला खेळतोस. ग्रुप प्रोजेक्टला त्याला शेवटी घेतात. जे ब्लॅक विद्यार्थी खेळतच नाहीत, इंजिनिअरिंगला मेरिटवर आलेत, त्यांनापण विचारतात तू फुटबॉलचा का. जेफ स्टोन आणि सहकाऱ्यांचा १९९९ चा एक प्रयोग आहे, तोच मिनी गोल्फ सगळ्यांना खेळायला दिला, काहींना सांगितलं ह्यात तुमची खेळातली बुद्धी तपासतोय, काहींना सांगितलं उपजत ताकद आणि चपळाई तपासतोय. बुद्धी म्हटल्यावर ब्लॅक पोरांचा खेळ बिघडला, उपजत ताकद म्हटल्यावर गोऱ्यांचा. खेळ तोच, काठी तीच. आता हाच पोरगा स्टॅटिस्टिक्सच्या मिडटर्मला बसताना डोक्यावर काय ओझं घेऊन बसत असेल ह्याचा विचार कर, म्हणून त्याला "घाबरू नकोस, तुम्हा खेळाडूंना सोपं पडेल असं बघू" असलं काही चुकूनसुद्धा बोलू नकोस, बोलणाऱ्याला ते प्रेमाचं वाटतं, ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ बरोबर कळतो.

माझ्या हातून झालेली एक गोष्ट सांगते, कारण ती तुझ्या हातून व्हायला नको. बरीच वर्षं झाली. एक ऑफेन्सिव्ह लाईनमन (फुटबॉल टीममधली एक जागा) होता, सहा फूट पाच इंच, आजीने वाढवलेला, आजोबा पुलाच्या कामावर असायचे. त्याला सिव्हिल इंजिनिअरिंग करायचं होतं. वहीच्या मागच्या पानांवर पुलांची चित्रं काढायचा, नुसती चित्रं नव्हेत, कुठल्या खांबावर किती भार येईल त्याचे बाण काढलेले. कॅल्क्युलसला बी ग्रेड आणलेली. पुढच्या सेमिस्टरला फिजिक्सची लॅब दुपारी दोन ते पाच, प्रॅक्टिस अडीचला, आणि लॅबचा दुसरा सेक्शन नव्हता. वरून निरोप आला, त्याला झेपेल अशा मेजरला, म्हणजे डिग्रीच्या मुख्य विषयाला, टाका. त्या मेजरला आधीच टीमची अकरा पोरं होती. मी फॉर्म भरला, त्याच्यासमोर ठेवला. त्याने पेन हातात घेऊन एकच विचारलं, "नंतर परत बदलता येईल ना?" मी म्हटलं येईल. त्याने सही केली.

ते खरं नव्हतं, आणि मला ते कळायला हवं होतं. एनसीएएचा नियम आहे, टक्क्यांचा हिशोब, दुसरं वर्ष संपेपर्यंत तुझ्या डिग्रीला लागणाऱ्या क्रेडिटपैकी ४० टक्के पूर्ण पाहिजेत, तिसऱ्यापर्यंत ६०, चौथ्यापर्यंत ८०, नाहीतर तू खेळायला अपात्र. नियम आला चांगल्या हेतूने, पोरं चार वर्षं खेळतात आणि हातात निम्मीच डिग्री असते हे थांबवायला. पण होतं काय, तिसऱ्या वर्षी पोराने मेजर बदललं की आधीची कितीतरी क्रेडिट नव्या डिग्रीत धरतच नाहीत, टक्का धाडकन खाली येतो, मग तो खेळू शकत नाही, मग कोणीच त्याला बदलू देत नाही. म्हणजे पहिल्या वर्षी घाईघाईत टाकलेलं मेजर हेच शेवटपर्यंत. नॉर्थवेस्टर्नचा क्वार्टरबॅक केन कोल्टर, ज्याने २०१४ ला खेळाडूंची युनियन काढायचा प्रयत्न केला, त्याने हेच सांगितलं होतं, डॉक्टर व्हायचं होतं पण केमिस्ट्रीचा क्लास प्रॅक्टिसच्या वेळेत यायचा. तो तर एवढ्या नावाजलेल्या युनिव्हर्सिटीत होता.

तर तुझं पहिलं काम हे. सहाही पोरांचा डिग्री ऑडिट, म्हणजे डिग्रीला काय काय लागतं आणि त्यातलं किती झालं ह्याचा तक्ता, काढून घे, किंवा त्यांच्या काउन्सेलरकडून घे, आणि प्रत्येकाला एकट्याला बसवून विचार की हे मेजर तू निवडलंस का. "आवडतं का" असं नको विचारू, त्याला हो म्हणायची सवय झालेली असते. "हे कोणी निवडलं" असं विचार आणि गप्प बस. एखादा सांगेल माझ्या रूममेटचं हेच आहे म्हणून, एखादा सांगेल मला आल्या आल्या ह्यातच टाकलं. पहिल्या सेमिस्टरला अजून सगळं बदलता येतं. कोचशी तू भांडू नकोस, तुझी ती जागा नाही आणि नोकरी जाईल, पण लॅबचा सकाळचा सेक्शन कधी असतो, समर टर्ममध्ये तो कोर्स निघतो का, डिपार्टमेंटच्या ॲडव्हायझरशी बोलून हे शोधून कागदावर लिहून आणणारं कोणी असलं तर कित्येक कोच ऐकतात. माझ्या लाईनमनच्या वेळी ती लॅब समरला होती. मी शोधलंच नव्हतं.

आता पुन्हा रोल मॉडेलकडे येते, कारण इथे सगळे एकच चूक करतात. ह्या पोरांना खेळाडू रोल मॉडेलची वानवा अजिबात नसते. आठव्या वर्षापासून भिंतीवर तेच आहेत, ऑफिसच्या कॉरिडॉरमध्येही आम्ही तेच लावतो, एनएफएलला, म्हणजे फुटबॉलच्या प्रो लीगला, गेलेल्यांचे मोठे मोठे फोटो. प्रो होणारे शंभरात दोनसुद्धा नसतात. बाकीच्या अठ्ठ्याण्णवांचा फोटो कुठेच नसतो.

मग कोणीतरी ठरवतं की आपण अभ्यासातले हिरो दाखवू. दाखवावेतच. व्हँडरबिल्टचे पेरी वॉलेस, १९६७ ते १९७० मध्ये दक्षिणेतल्या एसईसी कॉन्फरन्सच्या बास्केटबॉलमध्ये पहिले ब्लॅक व्हार्सिटी (मुख्य टीमचे) खेळाडू, गावोगावच्या जिममध्ये शिव्या खाऊन खेळले, इंजिनिअरिंगची डिग्री घेतली, मग कोलंबियातून लॉ केलं, आणि लॉचे प्रोफेसर झाले. एनबीएत, म्हणजे बास्केटबॉलच्या प्रो लीगमध्ये, कधीच खेळले नाहीत. फ्लोरिडा स्टेटचे मायरन रोल, २००८ ला ऑक्सफर्डच्या ऱ्होड्स स्कॉलरशिपचा इंटरव्ह्यू आणि मेरीलँडविरुद्धची मॅच एकाच दिवशी, इंटरव्ह्यू बर्मिंगहॅमला, तिथून विमानाने मॅचला पोचले तेव्हा दुसरा क्वार्टर सुरू होता. ऑक्सफर्डला जाऊन आले, थोडा काळ एनएफएल, आणि नंतर मेडिकलला जाऊन न्यूरोसर्जरीत. ही नावं पोरांना माहीत असायलाच हवीत. पण मी ती सांगितली की पोरं माना डोलावतात आणि म्हणतात, तो वेगळाच होता. एवढं उंच शिखर बघून पाय उचलत नाही गं. पाय उचलतो तो पाच-सात वर्षं पुढे असलेल्या माणसाला बघून.

आमच्याकडे एकदा असाच एक जुना कॉर्नरबॅक बोलवला, वय ३१, जवळच्या शहरात एका शाळेचा असिस्टंट प्रिन्सिपल. स्लाइड नाहीत, भाषण नाही. पोरांसारखाच हुडी घालून खुर्ची उलटी फिरवून बसला आणि म्हणाला, शेवटची मॅच संपली त्यानंतरच्या सोमवारची गोष्ट सांगतो. पहाटे पावणेपाचला जाग आली, बूट घातले, दारापर्यंत गेलो आणि कळलं की कुठंच जायचं नाहीये. परत पलंगावर बसलो ते दहापर्यंत बुटासकट बसून होतो. पुढचे सात महिने तो काय करत होता ते त्याने सांगितलं, कुरिअरचं गोडाऊन, आईशी भांडणं, मित्रांचे फोन न उचलणं, सगळं. नंतर पहिला पगार किती होता तो आकडा सांगितला. त्या खोलीत ज्यांची मान नेहमी फोनमध्ये असते अशा पोरांनी फोन खाली ठेवले होते. एकाने मागून विचारलं, "तुला तेव्हा कोणी फोन केला का?" तो म्हणाला, "एकाने केला." आणि कोणी ते सांगितलं, स्टेडियममधले इक्विपमेंट मॅनेजर, जे हेल्मेट आणि बूट सांभाळतात ते काका.

तुझं दुसरं काम हे, असे लोक शोधणं. ॲल्युमनाय ऑफिसकडे यादी असते, पण त्यांच्याकडे देणगी देणाऱ्यांची यादी आधी असते, तर तू टीमच्या जुन्या रोस्टरवरून (खेळाडूंच्या यादीवरून) शोध. प्रत्येक पोरामागे एक माणूस, त्याच्या मेजरचा किंवा त्याच्या गावचा, आणि ओळख करून दिल्यावर तू बाजूला हो. ब्लॅक फॅकल्टी पण बघ, पण जरा जपून, त्या दोन-चार प्रोफेसरांच्या दारात आख्खं कॅम्पस मेंटॉरिंगसाठी उभं असतं आणि त्याचे त्यांना ना पैसे मिळतात ना प्रमोशन. पोराला घेऊन जायच्या आधी त्यांना विचार, आणि नंतर आभाराची ईमेल त्यांच्या डिपार्टमेंटच्या हेडला सीसी करून पाठव, मी कायम करते.

मुलींबद्दल एक गोष्ट, कारण 'ब्लॅक ॲथलीट' म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर फुटबॉलच येतं. १९९९ ला पर्ड्यू युनिव्हर्सिटीच्या कॅरोलिन पेक मुलींची डिव्हिजन वन बास्केटबॉल चॅम्पियनशिप जिंकणाऱ्या पहिल्या ब्लॅक हेड कोच झाल्या. जिंकल्यावर बास्केटची जाळी कापून घेतात ही पद्धत आहे. त्या जाळीचा एक तुकडा त्यांनी पुढे डॉन स्टेलीला दिला, की तू जिंकलीस की पुढे दे. साउथ कॅरोलायनाच्या स्टेली २०१७ ला जिंकल्या, आणि एकीला देण्यापेक्षा २०२१ ला त्यांनी आपल्या जाळीचे तुकडे करून डिव्हिजन वनमधल्या सगळ्या ब्लॅक महिला हेड कोचना पोस्टाने पाठवले. बोटभर दोरी.  मी हे माझ्या मुलींना सांगते तेव्हा गळ्यात येतं, अजूनही.

आता तू भारतीय असण्याबद्दल. दोन गोष्टी करू नकोस. "आम्हीपण गरिबीतून अभ्यास करून वर आलो, तुम्हीपण करू शकता" हे कधीच बोलू नकोस. आपण इथे येतो ते परीक्षा, व्हिसा, बँक बॅलन्स अशा चाळणीतून निवडून येतो, आणि आपल्याला इथल्या युनिव्हर्सिटीत कोणी आपल्या आजोबांना दार बंद केल्याच्या आठवणी नसतात. त्याला असतात. आणि दुसरं, आपल्या माणसांत, गणपतीला, पॉटलकला, "त्या काळ्यांच्या एरियात घर नको" असं कोणी सहज बोलतं ना, तेव्हा गप्प बसू नकोस. तू दिवसा त्या पोरांची मेंटॉर आणि संध्याकाळी हे ऐकून घेतेस असं चालत नाही, आत कुठेतरी ते झिरपतं आणि पोरांना वास येतोच.

मला एका लाईनबॅकरने एकदा सरळ विचारलं, तुमच्याकडे कास्ट असते ना, तू कुठल्या बाजूची? मी खरं सांगितलं, वरच्या. तो म्हणाला, मग तुला कसं कळणार? मी म्हटलं मला आतून नाही कळणार, पण ज्यांना कळलं त्यांच्याबद्दल सांगते, आणि बाबासाहेबांबद्दल सांगितलं, १९१३ ला न्यूयॉर्कला कोलंबियात शिकायला आले ते, आणि १९४६ ला त्यांनी ब्लॅक विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉयसना पत्र लिहिलं ते. डु बॉयस त्याला माहीत होते, आंबेडकर नव्हते. त्या सेमिस्टरला सोशियॉलॉजीचा पेपर त्याने ह्या दोघांवर केला आणि त्यातला एक परिच्छेद मला वाचून दाखवायला मुद्दाम ऑफिसला आला. खरं सांगून टाकलं म्हणून ते झालं, मी गोलमोल बोलले असते तर तो परत आला नसता.

रोजचं काम म्हणशील तर ते अगदी साधं आहे आणि तेच लोकांना जमत नाही. पहिली भेट स्टेडियमच्या बिल्डिंगमध्ये ठेवू नकोस, लायब्ररीपर्यंत चालत जा. दर आठवड्याला तीच वेळ. तो आला नाही तरी तू थांब, आणि "आज भेटलो नाही, पुढच्या बुधवारी आहे मी" एवढाच मेसेज, ओरडा नाही. दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक प्रोफेसरच्या ऑफिस अवरला (विद्यार्थ्यांना भेटायच्या ठरलेल्या वेळेला) त्याला जायला लाव, काही अडलेलं नसताना, नुसतं नाव सांगायला, पहिल्या वेळी दारापर्यंत सोबत जा. प्रोफेसरला तो जर्सीऐवजी नावाने आठवला पाहिजे. आणि पहिल्याच दिवशी त्याला स्पष्ट सांग की तू सांगशील ते माझ्याजवळ राहील, पण अमुक गोष्टी मला वर सांगाव्याच लागतात. घरच्यांशी मार्कांबद्दल बोलायचं तर त्याची लेखी परवानगी लागते, ती घे, आणि मग आजीला किंवा आईला फोन करून पहिली बातमी चांगली सांग.

त्याचा निबंध तू लिहू नकोस. एक वाक्यसुद्धा नाही. दया म्हणून केलेली ही गोष्ट कुठे जाते ते बघ, चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीत १९९३ ते २०११ अशी १८ वर्षं वर्गच न भरणारे क्लास चालले, एक पेपर दिला की ग्रेड, ३,१०० पेक्षा जास्त विद्यार्थी त्यातून गेले, त्यात जवळपास निम्मे खेळाडू. सुरू करणाऱ्यांना आपण मदतच करतोय असं वाटत होतं. क्रेटन युनिव्हर्सिटीचे केव्हिन रॉस चार वर्षं बास्केटबॉल खेळून १९८२ ला बाहेर पडले तेव्हा त्यांना दुसरीतल्या पोराएवढं वाचता येत होतं, मग शिकागोत मार्व्हा कॉलिन्स यांच्या शाळेत लहान पोरांच्या शेजारी बसून शिकले. सहापैकी कोणाला वाचायला खरंच जड जात असेल तर लवकर टेस्टिंग करून घे, त्याची लाज त्याला वाटू देऊ नकोस.

एनएफएलचं स्वप्न मोडायला जाऊ नकोस. शंभरातले दोन हा आकडा त्याला माहीत असतो आणि तो स्वतःला त्या दोघांत धरतो, एकोणीस वर्षाच्या पोराने धरावंच. मी एवढंच विचारते, गेलास तर तुझ्या पैशाचा हिशोब कोण बघणार, आणि त्याने फसवलं तर तुला कागद बघून कळेल का? तिथून अकाउंटिंगचा कोर्स निघतो. आता तर हे एनएफएलपर्यंत थांबतच नाही. १ जुलै २०२१ पासून एनआयएल आलं, खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे मिळवता येतात, आणि २०२५ पासून कोर्टातल्या सेटलमेंटने युनिव्हर्सिट्याच खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका युनिव्हर्सिटीला २.०५ कोटी डॉलरपर्यंत. पगारातून टीडीएस कापतात तसा ह्या एनआयएलच्या पैशातून टॅक्स आधी कापला जात नाही. पोरगं आईला गाडी घेतं, भावाची फी भरतं, आणि एप्रिलमध्ये टॅक्सची रक्कम बघून माझ्या ऑफिसात येऊन बसतं. ऑगस्टमध्येच सांग, आलेल्या प्रत्येक चेकमधले तीस टक्के वेगळ्या खात्यात.

आणि दुखापत. गुडघा गेला की दोन दिवसांत सगळं बदलतं, मीटिंगला बोलावणं कमी होतं, कोचची नजर दुसऱ्यावर जाते, प्रवासाच्या यादीत नाव नसतं, टीम विमानाने गेलेली आणि हा एकटा हॉस्टेलमध्ये बर्फ लावून मॅच फोनवर बघतोय. तो आठवडा तुझा आहे. बाकीची पाचही पोरं त्या आठवड्यात थांबतील. ट्रेनिंग रूममध्ये, जिथे दुखापतीवर उपचार होतात तिथे, जाऊन बस, काही बोललं नाही तरी चालेल, आणि झोप, खाणं, आंघोळ हे नीट चाललंय का बघ, नसेल तर स्पोर्ट्स सायकॉलॉजिस्टकडे स्वतः घेऊन जा. सर्वात जास्त पोरं मी त्या आठवड्यात गमावलीत आणि सर्वात जास्त त्याच आठवड्यात माझ्याजवळ आलीत.

तुझं स्टेट कुठलं ते तू लिहिलं नाहीस. टेक्सासमध्ये जानेवारी २०२४ पासून पब्लिक युनिव्हर्सिट्यांतली डायव्हर्सिटी ऑफिसं कायद्याने बंद झालीत, फ्लोरिडा, अलाबामातही असेच कायदे आहेत, त्यामुळे 'ब्लॅक' शब्द नावात असलेले कार्यक्रम बंद झाले किंवा नाव बदलून सगळ्यांसाठी खुले केले. काही करायच्या आधी कॉम्प्लायन्सला, म्हणजे नियम बघणाऱ्या ऑफिसला, ईमेलवर विचारत जा, खाऊपिऊ घालायचं असेल तरी. पण एका पोराशी दर बुधवारी बसून बोलायला कुठल्याच कायद्याने बंदी नाहीये.

ट्रान्सफर पोर्टलमुळे (युनिव्हर्सिटी बदलायची असलेले खेळाडू तिथे नाव नोंदवतात) तुझ्या सहातले दोन-तीन पुढच्या वर्षी दुसरीकडे असतील हे धरून चाल. जाणाऱ्याला विचार, तुझ्या नव्या काउन्सेलरला तुझ्याबद्दल लिहू का, आणि हो म्हणाला तर अर्धं पान लिही, त्यात चाळीस यार्ड किती सेकंदांत धावतो ते नको, त्याला काय आवडतं, कशाने तो गप्प होतो, कोणाचा फोन तो नक्की उचलतो हे लिही. आणि तुझा स्वतःचा फोन नंबर बदलू नकोस.

माझा तो लाईनमन त्या दुसऱ्याच मेजरची डिग्री घेऊन गेला. प्रो झाला नाही. २७ व्या वर्षी त्याने कम्युनिटी कॉलेजमध्ये रात्रीच्या वर्गाला फिजिक्स परत सुरू केलं, मला रेकमेंडेशनसाठी फोन केला तेव्हा मी आधी माफी मागितली. तो म्हणाला, "तुला तेव्हा माहीत नव्हतं, आता दुसऱ्यांना सांग." आज तो हायवेच्या कामावर साईट इंजिनिअरच्या हाताखाली आहे आणि सिव्हिलमध्ये जायचं म्हणणारा कोणीही खेळाडू आला की मी त्याचाच नंबर देते, तो उचलतो.

बहुतेक ठिकाणी कोर्स बदलायची शेवटची तारीख सेमिस्टरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच असते, तर बाकी सगळं नंतर, आधी त्या सहा पोरांचे डिग्री ऑडिट काढ, आणि त्यात काय दिसलं ते मला इथेच लिहून कळव.